पट्टी अंधेरीला गेली

लेप्टोचा ताप आहे की नाही हे पंधरा मिनिटांत सांगणारी कागदी पट्टी आम्ही मुलुंडच्या सरकारी प्रयोगशाळेत नऊ वर्षं खपून बनवली. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीनं ती बाजारात आणायला घेतली आणि तिथं तिची वाट लागली. आमच्याकडे ठसठशीत उमटणारी रेघ त्यांच्याकडे उमटेचना. पट्ट्यांच्या दोन खेपा वाया गेल्या. तिसरी फसली तर करार मोडणार होता, म्हणजे पट्टी कायमची आमच्या कपाटात.

मी मूळची तापट. लिहिलंय तेवढंही करता येत नाही का, म्हणून कंपनीच्या लोकांना फोनवर झापलं. ती कार्यपद्धती मी स्वतः लिहिली होती ना!

पट्ट्या करायच्या मात्र आमच्या मावशी. भांडुपला राहणाऱ्या, मूळ मालवणकडच्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या प्रयोगशाळा सहायक. माझ्या आधीपासून तिथं होत्या, त्यामुळे डबा वेळेवर खाल्ला नाही तर मला दटावायच्या. माझा त्यांच्यावर फार जीव. तिसऱ्या खेपेला मी त्यांना रिक्षात घालून अंधेरीला नेलं.

तिथं पट्ट्या सुकवायला ओव्हनमध्ये ठेवल्या, कागदावरची चाळीस मिनिटं लावली. मावशींची चुळबुळ सुरू झाली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. ते पान मी कधी पाळलंच नाय."

दहा मिनिटांनी त्या ओव्हन बंद करायच्या, दार बोटभर उघडं ठेवायच्या आणि पट्ट्या आतच सावकाश सुकू द्यायच्या. भर उन्हातल्या पापडासारख्या कडा वळलेल्या त्यांना बघवत नसत. सही झालेल्या पद्धतीबाहेर गेलं की मेमो मिळतो, म्हणून नऊ वर्षं गप्प. चांगलं काम गुन्ह्यासारखं लपवलं होतं बाईंनी.

त्या सांगतील तसं केलं. सगळ्या पट्ट्यांवर रेघ उमटली. करार टिकला.

परतताना रिक्षात मावशींनी हळूच विचारलं, आता मेमो येईल का. मला रडूच फुटलं. नऊ वर्षं त्यांच्या हातच्या पट्ट्यांवर माझी सही होत होती आणि सुकवताना मी एकदाही त्यांच्या शेजारी उभी राहिले नव्हते. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"कशाला उभं राहायचं," त्या म्हणाल्या, "किती उकडतं तिथं."