परदेशी वैनी

परदेशी वैनी रोज सकाळी एसटीने परदेशी जायच्या आणि संध्याकाळी म्हशींच्या धारा काढायला घरी परतायच्या. परदेश कागलजवळच होता. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे आमच्या सेझमध्ये, त्या शर्टांच्या कॉलर शिवायच्या. मी निर्यातीची कागदपत्रं बघायचे आणि शक्यतो कुणाशी बोलायचे नाही.

"माल गेटाभाईर न्यायला एवढी झडती कशापायी गं?" त्यांनी एकदा मला गाठलंच. मी खाली बघत सांगितलं, की सीमाशुल्काच्या हिशेबाने हे कुंपण देशाबाहेर धरतात. इथला शर्ट कोल्हापुरात विकला तरी ती आयात. त्यामुळे परदेशी व्यापार वाढतो, डॉलर येतात, लोकांना कामं मिळतात. वैनींनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

"म्हंजे मी रोज फॉरेनला जातो की!"

तेव्हापासून उशीर झाला की "विमान चुकलं बघा". कॅन्टीनची आमटी मिळमिळीत निघाली की "ह्या देशात चटणी पिकत न्हाय व्हय?"

घरी मात्र सासरे अडून बसले. म्हशींना माणूस पाहिजे, सोमवारपासून नोकरी बंद. वैनींचा चेहरा मी तेव्हा एकदाच उतरलेला पाहिला. "हितं गळ्यात माझ्या नावाचं कार्ड हाय. घरात नुसतं 'अगं'."

मग त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, आधी परदेश बघा, मग बोला.

गेटवर रखवालदाराने सासऱ्यांचं आधार कार्ड मागितलं, पिशवी उलटी केली, तंबाखू काढून घेतली आणि तरीही आत सोडलं नाही. म्हातारा आता भडकणार, असं मला वाटलं. तेवढ्यात वैनींनी मला पुढे ढकललं. "इंग्लिश बोल. काय बी बोल, पर थांबू नगंस!"

भीतीने मला शाळेच्या गॅदरिंगमधलं आभाराचं भाषण तेवढं आठवलं. प्रमुख पाहुण्यांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे मी इंग्रजीत आभार मानले. सासऱ्यांनी टोपी सारखी करून मला हात जोडले. "लई कडक देश हाय," एवढंच म्हणाले आणि एसटीत बसले.

सोमवारी मी आपण होऊन गेटवर जाऊन थांबले. वैनी उतरल्या. त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी तिघी, हातात डबे.

"म्हशी?" मी विचारलं.

"मामंजी काढत्यात धारा. डेअरीत सांगत सुटल्यात, सून फॉरेनला असती."

"आणि या?"

"मामंजींनीच धाडलंय ह्यास्नी कामाला. म्हनलं, परक्या मुलखात एकटीनं ऱ्हाऊ नगं." आणि वैनींनी मला पुन्हा ढकललं, या वेळी मॅनेजरच्या केबिनकडे. "जा, सांग सायबाला. मराठीत बोललीस तरी चालंल."