बाहीचं बटण

पालकसभेत मी तिच्या मुलीच्या गणिताबद्दल बोलत होते आणि ती माझ्या खुर्चीखाली बघत होती. मला जरा रागच आला. मग ती वाकली, एक स्क्रू उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, हा कुठला ते कळेपर्यंत माझं लक्ष लागायचं नाही." स्क्रू माझ्याच खुर्चीचा निघाला. गणित राहिलं बाजूला.

पुढे त्यांचं बिऱ्हाड आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर आलं. विमानतळावर धावपट्टी तपासायचं तिचं काम. दोन विमानांच्या मधल्या वेळात गाडीतून हळूहळू जायचं आणि खडा, खिळा, बॅगेचं तुटलेलं चाक, दिसेल ते उचलायचं. एवढासा खडा इंजिनाने आत ओढला तरी पाती मोडतात, हे तिने मला जिन्यात उभं राहून सांगितलं आणि सांगता सांगता पायरीवरची टाचणी उचलली. इमारतीतली मुलं तिला चुंबकमावशी म्हणायची. बोलताना वरून विमान गेलं की ती वाक्य अर्ध्यातच सोडायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत छताकडे बघत राहायची.

नवरा शिंपी, मशीन घरातच. म्हणजे टाचण्या, बटणं, दोऱ्याची टोकं सगळीकडे. दिवसभर तिकडे वेचते आणि संध्याकाळी इकडे, हिला सुट्टी म्हणून नाहीच, असं तो कौतुकाने सांगायचा.

एका दुपारी मुलगी धापा टाकत खाली आली. "बाई, बॅटरी आहे का? आईचं बटण हरवलंय."

मी वर गेले. तिने विमानतळावरून फोनवर सांगितलेली हकीकत अशी होती. पाळीवर जाताना अंगावर जे असेल ते सगळं परत बाहेर आलं पाहिजे, हा तिच्या खात्याचा नियम. पाळी संपली तेव्हा तिच्या जाकिटाच्या बाहीचं बटण जागेवर नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं. सकाळी होतं का, असं सुपरवायझरने विचारलं, तर तिला आठवेना. रोज चाचपून बघायची. त्या दिवशी नवऱ्याने इस्त्री करून जाकीट हातात दिलं आणि तिने ते तसंच चढवलं. धावपट्टी बंद झाली. माणसं रांगेने, खाली बघत चालू लागली. उतरायला आलेली विमानं वरच घिरट्या घालत राहिली. बटण घरी सापडलं तर सगळंच मिटणार होतं. नाहीतर न तपासता आत गेल्याचा ठपका तिच्यावर येणार होता, आणि नोकरी कंत्राटी.

शिंप्याच्या घरात एक काळं बटण शोधायचं! मी गुडघ्यांची पर्वा न करता पलंगाखाली शिरले. मुलीने मोरीची जाळी काढली. बटणं निघत होती, पांढरी, लाल, पितळी, आणि आपलं तेवढं निघत नव्हतं. वरून घरघर यायची, जायची, पुन्हा यायची. कधी घाई न करणाऱ्या तिच्या नवऱ्याने मशीनचे खण एकामागून एक ओढून जमिनीवर उपडे केले. मग त्याने बटणांचा डबा उघडला, त्यातलं एक काळं बटण निवडलं आणि फोन लावला. मी बघत होते.

"अगं, सापडलं. इस्त्रीच्या टेबलाखाली होतं. सांग त्यांना."

फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू आला. "त्याला दोरा कुठला आहे?"

त्याने बटण उलटं केलं.

"काळा संपला म्हणून तुम्ही हिरव्याने लावलं होतं. हिरवा आहे का?"

त्याने तळहातावरच्या कोऱ्या बटणाकडे पाहिलं.

"अहो, वर माणसं आहेत."

"नाही सापडलं," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

बटण धावपट्टीवर मिळालं नाही आणि घरातही नाही. एक विमान दुसऱ्या शहरात उतरवावं लागलं. तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. ते दिवस वाईट गेले. नवराबायकोत बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि तरी रोज सकाळी दोघं मिळून कपाट सरकवायची. ती गाद्या उसवायची, तो पुन्हा शिवायचा. मुलगी म्हणाली, "आता फरशाच काढा." कुणी हसलं नाही.

न सांगता घरी आली असतीस तर, असं मी तिला एकदा विचारलं. तेवढ्यात वरून विमान गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत ती थांबली.

"बाई, ते अजून कुठेतरी आहेच ना."

महिनाभराने तिला परत बोलावलं. का, ते कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

आता ती पहाटेच्या पाळीला जाते. जाकिटाला बटणं नाहीत, चेन आहे. ती नवऱ्याने बसवली.