अप्पांची विहीर आणि लातूरचा नगराध्यक्ष

ईशान आणि मीरा, तुमच्या शहरात मेयरची निवडणूक लागली आहे. सोमवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, कोण जिंकणार हे पेपरवाले आधीच कसं सांगतात?" मी सांगायला लागले, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. फोनवर हे पुन्हा नीट सांगता यायचं नाही. म्हणून लिहून पाठवते.

मी एका इंग्रजी दैनिकाची लातूरची वार्ताहर होते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, म्हणून पेपरला तिथे माणूस हवा होता. तुमचे आजोबा नांदेडला कॉलेजात शिकवायचे. तुमची आई लहान होती, ती तिथेच माझ्या सासूबाईंजवळ असायची. सुट्टीला मी एसटीने जायचे. परत निघताना तिची वेणी घालून निघायचे. वाटेतल्या लोह्यापर्यंत हाताला तिच्या खोबरेल तेलाचा वास असायचा. पुढे धुळीत तो जायचा.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा एडिटर म्हणाले, "बाई, अंदाजाची स्टोरी पक्की करा. नांदेडची जागा रिकामी होतेय. ती तुम्हाला देतो."

मला दुसरं काही नकोच होतं.

अंदाज म्हणजे ज्योतिष नव्हे. तेव्हा नगराध्यक्ष थेट लोक निवडत नसत. लोक वॉर्डातून नगरसेवक निवडत आणि नगरसेवक अध्यक्ष निवडत. म्हणून आम्ही वॉर्ड धरून गणित मांडायचो. या गल्लीत कोणाची वस्ती, ते कोणाचं ऐकतात, कोणाचं कोणाशी भांडण आहे. अध्यक्षपदाला उभे दोघेच, बाकी त्यांची पॅनेलं. एक वीरभद्रअप्पा, लिंगायत समाजातले मोठे आडते. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणारा व्यापारी. दुसरे जाधव गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. बाजारपेठेचे वॉर्ड अप्पांचे. नव्या जिल्ह्यामुळे आलेल्या नोकरदारांच्या कॉलन्या गुरुजींच्या. मुसलमान मोहल्ले अर्धे अर्धे. उरली बौद्ध वस्ती. ती जिकडे झुकेल तिकडे खुर्ची जाणार होती.

ती वस्ती सगळ्यांनी अप्पांच्या खात्यात टाकली होती, कारण दुष्काळ होता. नळ कोरडे, टँकरचा भरवसा नाही. अप्पांनी वाड्यामागची आपली विहीर सगळ्यांना खुली केली होती. हॉटेलात बसलेले जाणकार म्हणायचे, "ज्याचं पाणी प्यालं त्याला मत. लोक पाण्याला जागत्यात." मीही कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, तेच लिहून ठेवलं होतं. पाठवायच्या आधी विहीर एकदा बघावी म्हणून गेले.

अप्पा स्वतः खुर्ची टाकून बसले होते. "या बाई. लिव्हा तुमच्या इंग्रजीत. आम्ही शिवाचे भक्त. आमच्यात उच्चनीच न्हाई."

बाजारातल्या बायका रहाटाचा दोर ओढून पाणी काढत होत्या. वस्तीतल्या बायका जरा बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या घागरीत अप्पांचा गडी वरून पाणी ओतत होता. एक म्हातारी म्हणाली, "दे की दोर इकडं. माझ्या हाताला काय काटे हायत?"

"ऱ्हाऊ द्या मावशी, मी देतो की ओतून."

शेजारी त्याच वस्तीतल्या, सिव्हिल हॉस्पिटलातल्या कमल सिस्टर घागर घेऊन उभ्या होत्या. ड्यूटीची पांढरी साडी अंगावर तशीच. त्या हसून म्हणाल्या, "अप्पाचा लई जीव हाय आमच्यावर. हात बी दुखू देत न्हाईत."

सगळ्या बायका हसल्या. अप्पाही हसले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

खोलीवर येऊन मी कॉपी फाडली आणि नवी लिहिली: वस्ती गुरुजींकडे, अध्यक्ष गुरुजी. ट्रंककॉलवर ती वाचून दाखवल्यावर एडिटर ओरडलेच.

"बाई, सगळ्या पेपरांनी अप्पांना बसवलंय खुर्चीत! तुम्ही कशावरून लिहिताय?"

"एका दोरावरून, सर."

"चुकलं तर नांदेड विसरा."

"हो."

तुमच्या आईला मी सांगून ठेवलं होतं, की आता मी घरीच येणार. मतमोजणीपर्यंत घास गोड लागला नाही.

वस्तीतले वॉर्ड गुरुजींच्या पॅनेलने घेतले आणि गुरुजी अध्यक्ष झाले. अप्पा मला म्हणाले, "पाणी पिऊन उलटले की हो." ते मनापासून दुखावले होते. काय घडलं, ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

एडिटरांचा फोन आला. आवाजात लोणी होतं. "कमाल केलीत बाई! लातूर तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. तुम्हाला तिथून हलवणं म्हणजे पेपरचं नुकसान." नांदेडला त्यांनी दुसऱ्याला पाठवलं.

यातून एवढंच शिकले, की बदली हवी असेल तर आपलं काम फार चांगलं करू नये. ते मला पुढेही जमलं नाही. तुमची आई शाळेत जायला लागली तेव्हा तिची वेणी सासूबाईच घालायच्या. ती त्यांना आई म्हणायला लागली, आणि मला 'लातूरची आई'. पुढे मी कायमची नांदेडला आले, पण तोवर तिला वेणी स्वतःची स्वतः घालता येत होती.

तुमच्या आईच्या मोबाइलमध्ये माझा नंबर आजही 'लातूरची आई' याच नावाने आहे.