खापा चालू

शहरातल्या सदर भागात असलेल्या बियाणे संघाच्या कचेरीत सुमती ढोबळे संगणकावर बसायची. साल अठ्ठ्याऐंशी. खापा, पारशिवनी अशा गावांतल्या प्रत्येक बियाणे विक्री केंद्रावर एकेक मशीन होतं, टेलिफोनच्या तारेनं सदरशी जोडलेलं. निरोप आत घ्यायला त्या मशीनला जणू एक दार असे. त्याला पोर्ट म्हणत. रोज एकेक पोर्ट उघडं आहे का ते तपासण्यात सुमतीची अर्धी सकाळ जाई.

कंटाळून तिनं शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाला एकदाच सांगून ठेवलेल्या आज्ञा. आता तोच दारोदार टकटक करी आणि कागदावर छापी : ‘पारशिवनी चालू. खापा चालू.’

व्यवस्थापक देशकर साहेब हरखले. सुमतीचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. मग साहेबांना वाटलं, मशीनच उत्तर देतं तर खाप्याला माणूस कशाला? तिथल्या रुपरावला त्यांनी सदरला बोलावून घेतलं, हे कागद फायलीला लावायला. मशीन चालू ठेवून बाहेरून कुलूप घाल, असा हुकूम होता. रुपरावनं तो पाळला.

“साहेब, तिथं बियाणं कोण देणार?” सुमतीनं विचारलं.

“हे बघा,” साहेबांनी कागद पुढं केला. “शंभर टक्के चालू!”

पेरणी तोंडावर आली तशी खाप्याकडची रुखमाबाई चार बायांना घेऊन कचेरीत थडकली.

“साहेब, दुकान काहून बंद हाय गा?”

“बंद कुठं? चालू आहे.” पुन्हा तोच कागद.

“आमी कुलूप पाहून आलो न बापा!” तेवढ्यात तिला कोपऱ्यातला रुपराव दिसला. “हा तं इथंच बसून राहिला! किल्ली कोनापाशी हाय गा?”

रुपरावनं खिसा चाचपला. “माह्यापाशीच हाय, बाई.”

सुमतीला आधी हसू फुटलं, मग कसंसंच झालं. कागद तर तिचाच होता. रुपराव बायांबरोबरच एस.टी.नं खाप्याला परत गेला, आणि तिनं स्क्रिप्ट बदलली : ‘खापा मशीन चालू. माणसाचं ठाऊक नाही.’

साहेबांनी दुसरं वाक्य काढायला लावलं. “पाहुणे येतात. बरं दिसत नाही.”

सुमतीनं ते काढलं. मग, परवानगीविना केंद्र सोडल्याबद्दल रुपरावला लेखी समज द्यायचं ठरलं. ती टाईप करायला सुमतीकडं आली.

“हे मी करणार नाही, साहेब,” सुमती म्हणाली. “त्याला तुम्हीच बोलावलं होतं.”

साहेबांनी ती समज स्वतःच, दोन बोटांनी, दुपारभर बसून टाईप केली.