पर्समध्ये न मावलेला नारळ

हळदीकुंकवाहून निघताना मोठ्या जाऊबाई दारातच अडकल्या होत्या. ओटीतला नारळ आणि गहू पदरात, पदर सावरायला दोन्ही हात, कोपराला लोंबणारी ती परदेशी पर्स. समोर पट्ट्यांची सँडल, पण घालायला हात मोकळा नाही. पर्समध्ये नारळ मावत नव्हता आणि गहू ओतले तर रेशमी अस्तराला हळदीकुंकवाचे डाग पडले असते.

मी घाई केली नाही. डोळे भरून बघत राहिले.

गेल्या संक्रांतीला याच दारात, साऱ्या बायकांसमोर, जुन्या साडीची शिवलेली माझी पिशवी दोन बोटांनी उचलून त्या म्हणाल्या होत्या, "अगं, भाजीला निघालीस का?" सगळ्या हसल्या होत्या. ते हसू मी वर्षभर लोणच्यासारखं मुरत ठेवलं होतं.

महागडी वस्तू आपण सांभाळायची असते, साधी वस्तू आपल्याला सांभाळते. हे शहाणपण तिथे सुचलं खरं, पण खोटं कशाला बोलू? मला शहाणपण नको होतं. उट्टं काढायचं होतं.

"तुझ्या पिशवीत घेतेस का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

"ताई, भाजीची पिशवी आहे. चालेल ना?" मी मोठ्याने विचारलं.

नारळ, गहू सगळं पिशवीत गेलं. "धरा," म्हणून ती मी त्यांच्याच हातात दिली आणि घरी जाताना मुद्दाम मंडईचा रस्ता धरला.

पहिल्याच भाजीवालीने पिशवी पाहिली आणि जाऊबाईंना हाक मारली, "या वहिनी, मेथी ताजी आहे!"