पिवळ्या दिव्यांची गाडी

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलच्या दारात माझ्या वडिलांच्या कानफटात बसली, तेव्हा मी मुंबईत होतो. एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग शिकत होतो. सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईनं सांगितलं. वडील पडवीत पाठ करून बसले होते.

वडील ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते, ते मालक पोलादपूरकडचे मोठे जमीनदार. त्यांनी मुंबईहून एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आणली होती. बुटकी, लाल, दोनच सीटांची. घाटात चालवायची त्यांची छाती नव्हती, म्हणून वडील चालवायचे आणि मालक शेजारी बसायचे. एका पावसाळ्यात दोस्तमंडळींना गाडी दाखवायला ते महाबळेश्वरला निघाले. दोस्त दुसऱ्या मोटारीतून पुढे गेले. आंबेनळी घाटात धुकं दाटलं, वडिलांनी दिवे लावले, आणि चढावर गाडी आचके देत बंद पडली. मालकांना भाजीच्या ट्रकमधून, टोपल्यांवर बसून खाली यावं लागलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि तीच गाडी एका चावीत चालू झाली. झालं! गाडीत खोट नाही, म्हणजे खोट ड्रायव्हरची, असा मालकांनी निकाल लावला.

"पेट्रोल विकतोस आणि वर रॉकेल ओततोस?" असं म्हणून त्यांनी भर स्टँडवर हात उचलला.

त्यानंतर वडिलांच्या हातात कोणी स्टेअरिंग दिलं नाही. ते भाताच्या गिरणीत पोती उचलू लागले. मी मुंबईत दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पडल्या पडल्या त्या मालकाचं काय काय करायचं ते ठरवत असे. कधी त्याचा हात मोडत असे, कधी ती लाल गाडी दरीत ढकलत असे. पुढे महाडला हायवेच्या कडेला स्वतःची वायरिंगची टपरी टाकली, त्यामागेही खरं कारण तेच होतं. या भागात वायरिंगचं काम करणारे फार नव्हते. तो आज ना उद्या माझ्याच दारात येणार, हे मला माहीत होतं.

आला. काही वर्षांनी, श्रावणातल्या एका सकाळी, गाडी जीपला बांधून. त्यानं मला ओळखलं नाही.

"मिस्त्री, चालता चालता मरते बघ. चार गॅरेजं फिरलो."

मी चावी फिरवली. मागून डिकीतून पेट्रोलच्या पंपाचा टकटक आवाज आला. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हा पंप विजेवर चालणारा होता. मी पंप उघडला, आतले पॉइंट घासून साफ केले, गाडी सोडली. ती दोन दिवसांत पावसातून ओढत परत आली. याच माणसाच्या गाडीवर मी हरणार की काय!

या वेळी मी वायर हातात धरून पुढून मागे गेलो. डॅशबोर्डखाली एक जाडजूड, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड सापडला. गाडीच्या नाकावर दोन मोठे पिवळे दिवे होते. त्यांची वायर पंपाच्या वायरीलाच पिळून जोडली होती. वायर जुनी, सुतळीसारखी बारीक. मी पंपाच्या वायरीवर टेस्ट बल्ब लावला आणि पिवळे दिवे चालू केले. बल्ब मिणमिणला. मागची टकटक मंदावली. वायपर चालू केले. टकटक थांबली. तेवढ्याशा वायरीतून पंपाला करंटच पुरत नव्हता.

धुकं, पाऊस, दिवे. माझ्या डोळ्यांपुढे अख्खा घाट उभा राहिला.

"हे पिवळे दिवे कधी बसवले?" मी विचारलं.

"गाडी घेतली तेव्हाच. मुंबईत. स्वतः उभं राहून बसवून घेतले," तो ऐटीत म्हणाला.

"तुमचा एक ड्रायव्हर होता. पेट्रोलमध्ये रॉकेल ओततो म्हणून तुम्ही त्याला स्टँडवर मारलंत. मी त्याचा मुलगा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्याच्यासमोर पुन्हा दिवे लावले, वायपर लावले, पंप बंद पाडून दाखवला. आणखी एकदा दाखवला. शेजारच्या टायरवाल्यालाही बोलावून दाखवला.

"बरं, बरं. दुरुस्त कर," तो म्हणाला.

काम मी मन लावून केलं. त्यात खोट ठेवली असती तर तो पुन्हा खरा ठरला असता. पंपाला थेट बॅटरीवरून नवी जाड वायर टाकली, मध्ये फ्यूज आणि हॉर्नला वापरतात तसला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला. आता चावी फिरवली की नुसता रिले चालू व्हायचा, पंपाला करंट बॅटरीतून सरळ. मागचं गंजलेलं अर्थिंग खरवडून नवं केलं. पिवळ्या दिव्यांची वायर वेगळी काढली.

"ट्रायल घाटातच घ्यायला हवी," मी म्हणालो. "चालवतील माझे वडील. उद्या पोलादपूरच्या स्टँडवर या."

वडील तयार होईनात. "मला नाय जायाचं. झालं ते झालं."

आई चुलीपुढून उठली. "जावा तुमी. मान वर करून जावा."

स्टँडवर रिमझिम होती. वडील गाडीत बसले, मी शेजारी. मालक दाराशी आला, तेव्हा मी म्हणालो, "सीटा दोनच आहेत. तुम्ही हॉटेलपाशी थांबा."

धुक्यात सगळे दिवे लावून, वायपर लावून वडिलांनी गाडी घाटात घातली. ती कुठंही अडखळली नाही. जिथं बंद पडली होती त्या वळणावर त्यांनी फक्त गिअर बदलला. वर जाऊन आरामात परतलो. मालक तिथेच होता, धोतराचा सोगा भिजलेला.

वडिलांनी चावी त्याच्या हातात ठेवली. तो पुटपुटला, "माझी चूक झाली रे."

"मोठ्यानं बोला, मालक," वडील म्हणाले. "पावसाचं ऐकू येत नाय."

मी थक्क झालो. मालकानं हॉटेलात बसलेल्या माणसांकडे पाहिलं, मग तेच मोठ्यानं म्हणाला. चहाचे कप थांबले. वडील वळले आणि गावाच्या रस्त्याला लागले.

पुढे त्यांना रायगडाच्या पायथ्याशी पर्यटक नेणारी एक जीप चालवायला मिळाली. त्यांच्या मनातला राग त्या दिवशीच गेला असावा. मालक वारला तेव्हा ते मयताला जाऊन आले. मी गेलो नाही. तोवर महाडच्या बाजारात तो दिसला की मी उभा राहून त्याच्याकडे रोखून पाहायचो, तो नजर खाली घालेपर्यंत. मला ते आवडायचं. आजही आठवलं की बरं वाटतं.