वर्ननचे पाय

कॅलिफोर्नियात फ्रेस्नो शहरातल्या बंद दुकानामागच्या डांबरी पटांगणात आम्ही गोल करून उभे राहायचो. मध्ये एकजण सपाट जमिनीवर एका चाकावर सायकल नाचवायचा. पाय टेकला की पाळी संपली, एवढाच आमचा कायदा.

टायरच्या दुकानात काम करणाऱ्या वर्नन प्रुइटनं एका कसरतीवर तीन वर्षं घासली होती. ती जगानं एकदा धड बघावी, एवढीच त्याची इच्छा. त्या उन्हाळ्यात टीव्हीवाले आले. दिग्दर्शक म्हणजे शहाणपणाचं गाठोडं.

"उडी कुठाय? कुणी पडत नाही का?"

"पडलो तर चुकलं, साहेब," वर्नन म्हणाला.

"मग लोकांनी बघायचं काय?"

"पाय. ते टेकत नाहीत, तेवढंच बघायचं."

दिग्दर्शकानं मान डोलावली. अक्कल मानेत असती तर प्रश्नच नव्हता. कॅमेऱ्यासमोर वर्ननचे पाय एकदाही टेकले नाहीत, आम्ही टाळ्या वाजवून हात लाल केले.

रविवारी त्याच्या आईच्या घरी आम्ही टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर वर्ननचं घामेजलं तोंड, शीतपेयाच्या कंपनीची टोपी आणि ढणढण संगीत. कमरेखालचं काहीच नाही. खुळ्यांनी नाचणाऱ्याचा फेटा दाखवला होता.

"चेहरा छान आलाय रे," आई म्हणाली.

"पाय टेकले असतील," आमच्यातल्या डेझमंडनं टोचलं.

"गप रे. तिथंच तर होतास," मी म्हणालो.

"मी होतो. देश नव्हता."

वर्ननला हसू आलं नाही. त्यानं टीव्ही बंद केला. "आई, चपला घाल. पटांगणात चल. तोंडाकडे बघायचं नाही."